शेल्टरमधल्या प्राण्यांच्या उपचारांसाठी निधी : खर्चाच्या वहीपासून देणगीदाराच्या पावतीपर्यंत

प्राण्यांच्या शेल्टरमध्ये तांदूळ, चारा, भाडं आणि पगार यांचा आकडा महिना सुरू होतानाच साधारण कळतो. उपचारांचा कळत नाही. एखादा आठवडा एकही ऑपरेशन न होता जातो आणि पुढच्या आठवड्यात तीन फ्रॅक्चर, पार्वो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेली सहा पिल्लं आणि पोटात प्लास्टिक साचलेली गाय एकदमच दारात येतात. मग घाईघाईत फोटो निघतो, खाली क्यूआर कोड लागतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो. कधी पैसे जमतात, कधी जमत नाहीत. तोवर दवाखान्याची उधारी वाढत जाते आणि ‘ही केस घ्यायची की नको’ असा प्रश्न पैशांवरून ठरू लागतो. तो तसा ठरू नये एवढ्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. उपचाराचा पैसा जनावर येण्याआधी खात्यात असायला हवा. आवाहनं करायचीच, पण ती निधीतून गेलेली रक्कम भरून काढण्यासाठी. आपल्याकडे ही पद्धत नवी नाही. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. तो चालला तो व्यापाऱ्यांनी मालाच्या व्यवहारावर स्वतःहून बसवलेल्या लागाच्या, म्हणजे ठरावीक वर्गणीच्या जोरावर. प्रत्येक व्यवहारामागे थोडी रक्कम, पण न चुकता. आजच्या शेल्टरलाही असाच न चुकता येणारा पैसा लागतो.

पहिलं काम : वर्षभराची बिलं

पैसे मागायला निघण्याआधी गेल्या वर्षीची दवाखान्याची आणि औषधांच्या दुकानाची सगळी बिलं काढा आणि आजारांप्रमाणे त्यांचे गठ्ठे करा. बहुतेक शेल्टरमध्ये ठरावीक गोष्टीच पुन्हा पुन्हा दिसतील : गाडीची धडक बसून मोडलेली हाडं, पिल्लांचा पार्वो, गोचिडांमुळे येणारा ताप, अळ्या पडलेल्या जखमा, खरूज, नसबंदी न झालेल्या माद्यांच्या गर्भाशयात होणारा पू, आणि कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा जननेंद्रियाचा ट्यूमर. गोशाळा असेल तर पोट उघडून प्लास्टिक काढण्याच्या शस्त्रक्रिया आणि खुरांचे आजार.

प्रत्येक गठ्ठ्यावर तीन गोष्टी लिहा : वर्षभरात किती केस आल्या, एका केसला सरासरी किती खर्च आला, आणि उपचार किती दिवस चालला. तिसरा आकडा बरेच जण लिहीत नाहीत, पण देणगीदाराला समजावून सांगताना तोच कामी येतो. त्या ट्यूमरला व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा द्यावं लागतं आणि साधारण चार ते सहा डोस लागतात. म्हणजे ‘एका कुत्रीला बरं करायला सुमारे महिना ते दीड महिना’ असं ठामपणे सांगता येतं. पार्वोच्या पिल्लाचा मुख्य आधार सलाईन असतो, त्यामुळे खर्च दिवसांत मोजता येतो. फ्रॅक्चरला ऑपरेशन एका दिवसाचं असलं तरी पिंजऱ्यातली विश्रांती काही आठवड्यांची असते.

सोबत महिनाही नोंदवा. पावसाळ्यात अळ्या आणि गोचिडं वाढतात, संक्रांतीच्या आसपास मांज्याने कापलेले पक्षी येतात, दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली आणि अपघातात सापडलेली कुत्री येतात. कोणत्या महिन्यात किती पैसा हाताशी हवा, हे यावरून कळतं.

आता आकडा काढा. समजा, वर्षाचा उपचारखर्च सहा लाख रुपये निघाला. म्हणजे महिन्याला सरासरी पन्नास हजार. तीन महिन्यांचे दीड लाख हा तुमचा तातडी निधी. त्यासाठी संस्थेच्या नावाने वेगळं बँक खातं उघडा आणि विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करून ठेवा : या खात्यातून चारा, पगार किंवा भाडं जाणार नाही. खर्च कोणाच्या सहीने होईल आणि रात्रीच्या केसला कितीपर्यंतची रक्कम एकटा माणूस मंजूर करू शकेल, हेही त्याच ठरावात लिहा. रात्री अकरा वाजता फोनवर चर्चा करत बसायची वेळ येत नाही.

मागण्याआधी वाचवा

निधी उभारण्याच्या लेखात बचतीला जागा देण्याचं कारण असं की जाणता देणगीदार पहिला प्रश्न हाच विचारतो : ‘हा खर्च टाळता आला असता का?’

पार्वोचा विषाणू जमिनीत आणि पिंजऱ्यात कित्येक महिने टिकतो. एका पिल्लामुळे आख्खी तुकडी आजारी पडते. नव्या पिल्लांना वेगळी खोली, ब्लीचने धुतलेली जमीन आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने लस, एवढं काटेकोर पाळलं तर सलाईनचा मोठा खर्च वाचतो. नसबंदी वेळेत केली तर गर्भाशयातल्या पूचं ऑपरेशन टळतं आणि तो ट्यूमर पसरणंही कमी होतं. म्हणून उपचारनिधीच्या आवाहनात लसीकरणाचा वाटा नेहमी ठेवा. लसीचा फोटो जखमेच्या फोटोइतका डोळ्यांत भरत नाही, पण त्या पैशाने जास्त जीव वाचतात.

अवघड केस सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्याचा विचार करा. महाराष्ट्रात परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत. तिथे तज्ज्ञ शिक्षक असतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. गाईगुरांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. खासगी डॉक्टरांशी वर्षाचा लेखी दर ठरवून घ्या. फुकट उपचार मागू नका. डॉक्टरांनाही नर्सचा पगार आणि भाडं असतं, आणि फुकटाच्या नात्यावर रात्रीची केस विश्वासाने सोपवता येत नाही. ठरलेला दर आणि महिन्याच्या ठरावीक तारखेला बिल चुकतं करणं, एवढं सांभाळलं की बरेच डॉक्टर आपणहून सवलत देतात.

औषधांच्या बाबतीत, कुत्र्यांना लिहून दिली जाणारी काही प्रतिजैविकं माणसांचीच असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती जेनेरिक दुकानातून स्वस्तात मिळतात. मात्र लोक घरातल्या उरलेल्या गोळ्या पिशवीभर आणून देतात, तेव्हा सावध राहा. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यांच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक आहेत. गुरांना डायक्लोफेनॅक देण्यावर तर गिधाडं मरत असल्यामुळे २००६ पासून बंदी आहे. औषधदान स्वीकारायचं असेल तर डॉक्टरांकडून दहा-पंधरा नावांची यादी करून घ्या आणि ती यादीच लोकांना पाठवा. यादीबाहेरचं नम्रपणे परत करा.

पैसा कोणाच्या खात्यात येणार?

इथे घसरलं की पुढचं सगळं अवघड होतं.

तुम्ही भटक्या जनावरांना खाऊ घालणारे एकटे फीडर किंवा रेस्क्यू करणारे असाल आणि लोक तुमच्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवत असतील, तर लक्षात ठेवा : नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती सगळी तुमचं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. यातून साधा मार्ग म्हणजे देणगीदाराला थेट दवाखान्याच्या खात्यावर पैसे भरायला सांगणं. दवाखाना त्या जनावराच्या नावाने पावती देतो, तुमच्याकडे फक्त स्क्रीनशॉट येतात. नाहीतर एखाद्या नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्या आणि त्यांच्या खात्यात तुमच्या केससाठी पैसे गोळा करा.

संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, आयकर खात्याकडची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी, एवढं हवंच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी ‘८०जी’ हेच नाव असलं, तरी पावतीवर काय छापायचं ते सीएकडून लिहून घ्या.

८०जीच्या बाबतीत देणगीदाराला खरं काय ते आधीच सांगा. ही सवलत जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्यालाच मिळते. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. तांदळाचं पोतं, औषधं, चादरी अशा वस्तूंनाही नाही. ज्याला सवलत हवी आहे त्याचा पॅन क्रमांक देणगी घेतानाच घ्या, कारण वर्षअखेरीस भरायच्या विवरणात तो लागतो. मार्चमध्ये चारशे लोकांना ‘तुमचा पॅन पाठवा’ म्हणत फिरणं सगळ्यांना त्रासाचं होतं.

दानपेटीबद्दलही एक नियम आहे. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर धर्मादाय संस्थेला त्यांवर ३० टक्के कर लागू शकतो. मेडिकलच्या काउंटरवर पेटी जरूर ठेवा, पण शेजारी वहीही ठेवा आणि पेटी उघडताना दोघांच्या सह्या घ्या. आणि तुमचा गट अजून नोंदणीकृत नसेल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची जी परवानगी घेतात ती, म्हणजे सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खालची, दारोदार फिरण्याआधी घ्या.

महिन्याचे देणगीदार

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवावा. महिन्याला २०० रुपये देणारी अडीचशे माणसं म्हणजे पन्नास हजार, म्हणजे वरच्या उदाहरणातला सगळा उपचारखर्च. एका श्रीमंत माणसाने वर्षातून एकदा दिलेल्या पाच लाखांपेक्षा मी ही अडीचशे माणसं निवडेन. त्यातली वीस गळाली तरी शेल्टर चालतं. तो एक माणूस थांबला तर बंद पडतं.

यूपीआय ऑटोपेमुळे हे सोपं झालं आहे. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर महिन्याला पिन टाकावा लागत नाही, एकदा मंजुरी दिली की पुरे. हप्ता पगाराच्या दोन-तीन दिवसांनंतरच्या तारखेला ठेवा. महिनाअखेरीस खात्यात शिल्लक नसते आणि हप्ता परत जातो.

ही माणसं भेटणार कुठे? पहिली नावं तुमच्या दत्तकाच्या रजिस्टरमध्ये आहेत. ज्याने तुमच्याकडून कुत्रा किंवा मांजर नेलं, त्याच्या घरात तुमच्या कामाचा पुरावा रोज फिरतो आहे. दत्तक देतानाच विचारा, ‘याच्यासारख्या दुसऱ्या एकाच्या उपचाराला महिन्याला थोडी मदत कराल का?’ दत्तक देण्याची अट म्हणून मात्र कधीही नाही. त्यानंतर तुमचे स्वयंसेवक, तुमच्या डॉक्टरांचे पाळीव प्राणीवाले ग्राहक, आणि ज्या सोसायट्यांमधून तुम्हाला वारंवार फोन येतात त्या सोसायट्या. ज्या सोसायटीतलं जखमी कुत्रं तुम्ही उचलून नेलं, तिच्या कमिटीला आठवडाभरात त्याची तब्येत आणि बिल कळवा आणि वार्षिक वाटा मागा. गरज त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

आणि आपल्याकडे दान देण्याचे दिवस ठरलेले असतात. पितृपक्ष, आईवडिलांचा स्मृतिदिन, मुलांचे वाढदिवस, गोशाळेसाठी वसुबारस आणि पोळा. ‘आजोबांच्या स्मरणार्थ एका पिल्लाचा पार्वोचा उपचार’ असं नेमकं काम द्या, त्याची पावती त्या नावाने करा आणि पिल्लू बरं झालं की त्या घरी फोटो पाठवा. वर्षाने त्याच तारखेच्या आठ दिवस आधी आठवण करा. २८ सप्टेंबरचा जागतिक रेबीज दिन लसीकरणाच्या निधीसाठी चांगला. गणेश मंडळांकडे जायचं तर वर्गणीचं नियोजन होण्याआधी, म्हणजे दोन-अडीच महिने आधी जा.

एका केसचं आवाहन कसं लिहायचं

मोठी केस आली की आवाहन करावंच लागतं. त्यात काय असावं हे नमुन्यानेच दाखवतो. आकडे उदाहरणापुरते आहेत.

‘वाघ्या, अंदाजे तीन वर्षांचा. मंगळवारी रात्री हायवेवर गाडीची धडक बसली. मागच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे, एक्स-रे सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी प्लेट बसवायला सांगितली असून ऑपरेशन शुक्रवारी आहे. ऑपरेशन आणि प्लेट २२,०००, एक्स-रे व रक्ततपासणी २,५००, दहा दिवसांचं ड्रेसिंग आणि औषधं ३,५००. एकूण २८,००० रुपये. यातले १०,००० आम्ही तातडी निधीतून भरले आहेत, १८,००० हवे आहेत. ३५० रुपयांत एका दिवसाचं ड्रेसिंग आणि औषधं होतात. पैसे फक्त संस्थेच्या खात्यावर. रक्कम पूर्ण झाली की इथेच कळवू आणि मागणं थांबवू. जास्त जमले तर ते पुढच्या केससाठी तातडी निधीत ठेवू.’

यातली शेवटची दोन वाक्यं कधीही वगळू नका. रक्कम जमल्यावरही मेसेज महिनोन्‌महिने फिरत राहतो, म्हणून मेसेजवर तारीख टाका आणि जमल्यावर ‘पूर्ण’ असं लिहिलेलं नवं चित्र सगळीकडे पाठवा. डॉक्टरांचा लेखी अंदाज हातात आल्याशिवाय आकडा जाहीर करू नका.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. अळ्यांनी भरलेल्या जखमेचा जवळून काढलेला फोटो पहिलाच टाकू नका. बरेच लोक बघवत नाही म्हणून मेसेज न वाचता पुढे जातात आणि सोशल मीडियावर असे फोटो झाकले जातात. जनावराचा चेहरा, उपचार करणारे हात, एक्स-रे हे पुढे ठेवा. जखमेचा फोटो तारखेसह जपून ठेवा, मागेल त्याला दाखवा. क्रूरतेची पोलीस तक्रार झाली असेल तर तो पुरावा असतो.

केटो, मिलाप यांसारखे क्राउडफंडिंग मंच मोठ्या रकमेसाठी उपयोगी पडतात, कारण तुमच्या ओळखीबाहेरचे लोक तिथे येतात. सुरू करण्याआधी मंचाचं शुल्क, पेमेंट गेटवेचा खर्च, त्यावरचा जीएसटी आणि पैसे हातात यायला लागणारे दिवस हे चारही लिहून घ्या आणि मागण्याची रक्कम त्यानुसार ठरवा. पहिले काही हजार रुपये ओळखीच्या माणसांकडून जमल्याशिवाय लिंक बाहेर पाठवू नका. शून्यावर उभ्या असलेल्या मोहिमेत अनोळखी माणूस पैसे घालत नाही.

मोठा पैसा

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ५०० कोटींचं निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गोष्ट असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा. कंपनीकडे रोजच्या औषधांचे पैसे मागण्यापेक्षा एक्स-रे मशीन, भूल देण्याचं यंत्र, रुग्णवाहिका किंवा वर्षभराचा लसीकरण कार्यक्रम मागा. असा खर्च त्यांना अहवालात दाखवता येतो आणि तुमचा दर केसचा खर्च कायमचा उतरतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता घ्या. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या निवारा, रुग्णवाहिका आणि नियमित अनुदानाच्या योजना मान्यताप्राप्त संस्थांसाठी आहेत. अर्ज करा, पण मासिक अंदाजपत्रक त्यावर बसवू नका. देशी गायींसाठी राज्य सरकारने जाहीर केलेलं दर गायीमागे दिवसाला ५० रुपयांचं अनुदान परिपोषणासाठी आहे, ते शस्त्रक्रियेच्या हिशोबात धरू नका. पालिकेकडून नसबंदीसाठी मिळणारा पैसाही उपचारनिधीत मिसळू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून मदत येते तेव्हा पासपोर्ट विचारणं भाग आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरीही. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. त्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते, आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नोंदणी नसेल तर न्यू जर्सीच्या काकांचे पैसे आभार मानून परत पाठवा. त्यांच्या पुण्यातल्या भावाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी घ्यायला हरकत नाही, पण काकांचे पैसे त्याच्यामार्फत फिरवून घेऊ नका.

हिशोब आणि वाईट बातमी

प्रत्येक केस संपली की आठ दिवसांत जमा किती, खर्च किती, बिलाचा फोटो आणि जनावर आज कुठे आहे, हे कळवा. महिन्याच्या देणगीदारांना महिन्यातून एकच पत्र पुरे : किती केस, किती बरी झाली, किती गेली, निधीत शिल्लक किती.

‘किती गेली’ हा आकडा लपवू नका. वाघ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेला, तर त्याच दिवशी, त्याच ग्रुपवर सांगा : काय झालं, डॉक्टरांनी कारण काय सांगितलं, किती खर्च झाला, किती उरले. वेदना थांबवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला शांतपणे जाऊ द्यावं लागलं असेल, तर तेही स्पष्ट शब्दांत लिहा. उरलेली रक्कम कोणाला परत हवी असेल तर आठ दिवसांत सांगा, असं म्हणा आणि मागणाऱ्याला खरोखर परत करा. ज्याने पाचशे रुपये दिले त्याने त्या जनावराची काळजी केलेली असते. त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नका.

वर्षाच्या शेवटी देणग्यांचं विवरण, जुन्या क्रमांकानुसार फॉर्म १०बीडी, आयकर खात्याला ३१ मेपर्यंत जातं आणि त्यातूनच देणगीदाराचं करसवलतीसाठीचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. ते पाठवताना सोबत एक पान जोडा. त्यावर गेल्या वर्षी कोणत्या आजारावर किती खर्च झाला ते आणि यंदाचा अंदाज लिहा, आणि खाली ऑटोपेची लिंक द्या.